एका बिटाला हात लावताना

सी भाषेत स्ट्रक्टमधल्या घटकाच्या नावापुढे अपूर्णविराम देऊन आकडा लिहिला, की तो घटक तेवढ्याच बिटांचा होतो. ‘चालू’ला एक बिट, ‘मोड’ला तीन, ‘गती’ला चार आणि उरलेले चोवीस राखीव, बत्तीस बिटांचं कंट्रोल रजिस्टर चार ओळींत मांडून होतं. पुढे ‘चालू’ला एक द्यायचा, एवढंच काम. मास्क नाही, शिफ्ट नाही, मास्क उलटा करून अँड करायचं राहून गेलं तर काय, ही धास्ती नाही. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकातही बिटफील्ड आहेत आणि आजही ती जवळपास तशीच लिहिली जातात. वाचायला इतकी सरळ गोष्ट सीमध्ये फार कमी सापडते.

पण प्रोसेसरला मेमरीतला एकटा बिट सहसा उचलता येत नाही. त्याला कमीत कमी एक बाइट उचलावा लागतो. कधी दोन, कधी चार, कधी आठ. म्हणून ‘चालू’ला एक देणाऱ्या त्या ओळीचं काम तीन टप्प्यांत होतं: वाचा, बदला, परत लिहा. तलाठ्याने एका खातेदाराची नोंद दुरुस्त करायला दप्तरातलं अख्खं पान उतरवून घ्यावं, घरी बसून दुरुस्त करावं आणि नवं पान जुन्याच्या जागी लावावं, तसा हा प्रकार. मधल्या वेळात मूळ पानावर दुसऱ्या कोणी काही लिहिलं असेल तर ते गेलं. पान केवढं होतं, कितीदा उतरवलं आणि त्यावर आणखी कोणाच्या नोंदी होत्या, यावर नुकसान ठरतं.

ते पान ठरवतं कोण, हा या पुस्तिकेचा विषय. स्रोतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. ठरवतो कंपायलर, आणि ठरवताना तो लक्ष्य-मशीनचा एबीआय (बायनरी पातळीवरचा करार), प्रोसेसरचं नेमकं मॉडेल आणि बिल्डच्या आज्ञेत दिलेले फ्लॅग पाहतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ज्या प्रोग्रामात बिटफील्ड आहेत, त्याची मेकफाइल त्या प्रोग्रामच्या अर्थाचाच भाग असते. स्रोतातलं एक अक्षर न बदलता, नुसती मेकफाइल बदलून, बसवर होणारे व्यवहार बदलतात. (फ्लॅगांची नावं या प्रस्तावनेत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पुढच्या प्रकरणांत ती टाइप करायची तशीच, रोमन अक्षरांत आहेत.)

सीच्या मानकाने इथे बरंच काही मोकळं सोडलं आहे. साठवणुकीच्या एका युनिटमध्ये बिट खालून वर भरायचे की वरून खाली, युनिटमध्ये जागा पुरत नसेल तर फील्ड दोन युनिटांत तोडायचं की अख्खं पुढे न्यायचं, नुसता ‘इंट’ लिहिलेलं बिटफील्ड ऋण संख्या धरेल की नाही, हे सगळं कंपायलरवर सोपवलेलं आहे. बिटफील्डचा पत्ता घेता येत नाही आणि त्याला साइझऑफ लावता येत नाही. प्रोग्रामरला पत्ता मागताच येत नसल्याने मेमरीत कुठून आणि किती रुंद हात घालायचा, याची कंपायलरला मोकळीक राहते. साध्या रॅममधल्या डेटासाठी ही मोकळीक फायद्याचीच असते. हार्डवेअरच्या रजिस्टरपाशी आणि दोन थ्रेडच्या सीमेवर मात्र ती महाग पडते.

आधी हार्डवेअर पाहू, कारण लोकांचं रक्त इथेच जास्त आटतं. एसटीएम३२एफ१ ही मायक्रोकंट्रोलरची मालिका प्रयोगशाळांत आणि कॉलेजच्या प्रोजेक्टांत हमखास दिसते. तिची संदर्भ-पुस्तिका बजावते, की जीपीआयओ पोर्टची रजिस्टरं ३२ बिटांच्या शब्दानेच वाचायची-लिहायची. अर्धा शब्द किंवा बाइट चालणार नाही. कारण त्याच पुस्तिकेत दुसरीकडे सापडतं. ही रजिस्टरं एपीबी बसवर आहेत, आणि त्या बसच्या पुलाशी ८ किंवा १६ बिटांचं लेखन आलं की पूल त्याचं ३२ बिटांचं लेखन करतो. उरलेली जागा तोच डेटा पुन्हा पुन्हा लिहून भरतो. पोर्टच्या सीआरएल रजिस्टरमध्ये आठ पिनांचे चार-चार बिट असतात. सगळ्यात खालच्या बाइटात पिन ० आणि पिन १ यांची मांडणी. तेवढाच बाइट लिहिला, तर पुलाच्या नियमाने तीच मांडणी पिन २-३, ४-५ आणि ६-७ यांच्याही वाट्याला येते. पिन ०वरचा दिवा लावायला जावं आणि पिन ६वरचं सेन्सरचं इनपुट आउटपुट होऊन बसावं, असा घोळ त्यातून निघतो. आणि स्रोतात कितीही डोकावलं तरी त्याचं कारण दिसत नाही.

बाइटभर लेखन कंपायलरने करावंच का? कारण मेमरीच्या दृष्टीने ते योग्य आहे. चार बिटांचं फील्ड खालच्या बाइटात पूर्ण मावतं. मग एक बाइट वाचून एक बाइट लिहिण्यात चूक काय? हे थांबवण्यासाठी जीसीसीत ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०११पासून, ‘एफस्ट्रिक्ट-व्होलाटाइल-बिटफील्ड्स’ हा फ्लॅग आहे. तो लावला की व्होलाटाइल बिटफील्डचा प्रत्येक व्यवहार त्या फील्डच्या घोषित प्रकाराएवढ्या रुंदीने, एकाच झटक्यात होतो. अनसाइन्ड इंट लिहिलं असेल तर ३२ बिट, अनसाइन्ड शॉर्ट असेल तर १६. फ्लॅग नसेल तर कंपायलर स्वतःला सोयीची सूचना निवडतो. ती घोषित रुंदीहून अरुंद असू शकते तशी रुंदही, म्हणजे शेजारच्या, काडीचाही संबंध नसलेल्या रजिस्टरलाही हात लागू शकतो.

बिटफील्डच्या डाव्या बाजूला लिहिलेल्या प्रकाराकडे आपण सहसा लक्ष देत नाही. तीनच बिट हवेत, मग इंट काय आणि कॅर काय, असं वाटतं. हा फ्लॅग चालू असताना तोच शब्द बसवरच्या व्यवहाराची रुंदी ठरवतो. हेडर फाइल ‘नीटनेटकी’ करायला बसलेल्या कोणी अनसाइन्ड इंटच्या जागी आठ बिटांचा प्रकार लिहिला, तर साध्या मेमरीतल्या स्ट्रक्टवर चालवलेल्या चाचण्या पास होतात आणि बोर्ड बिघडतो. पॅक्ड स्ट्रक्टमध्ये फील्ड दोन शब्दांच्या सीमेवर पडलं, तर एका झटक्यात व्यवहार शक्यच नसतो. तिथे फ्लॅगचं वचन टिकत नाही. आणि व्होलाटाइल हा शब्दच लिहायचा राहिला असेल, तर या फ्लॅगचा काही उपयोग नाही.

एआरएमवर हा फ्लॅग मुळातच चालू असतो, कारण तिथल्या एबीआयचं तसं बंधन आहे. ते बंधन रुंदीपाशी थांबत नाही: व्होलाटाइल बिटफील्डमध्ये लिहिताना त्याचा अख्खा कंटेनर, म्हणजे घोषित प्रकाराएवढी जागा, नेमका एकदा वाचायचा आणि नेमका एकदा लिहायचा. फील्डने सगळा कंटेनर व्यापला असेल, म्हणजे जुनी किंमत कोणालाच नको असेल, तरीही वाचायचा. वाचल्यानेच ज्यांची स्थिती बदलते अशा रजिस्टरांवर हे जड जातं. क्लँगमध्ये यासाठी दोन वेगळे फ्लॅग आहेत, एक रुंदीचं बंधन सोडवणारा आणि दुसरा त्या सक्तीच्या वाचनाचा. त्यामुळे ‘एआरएमसाठी बांधलं’ एवढ्या माहितीवर दोन कंपायलरांकडून एकच वागणूक मिळेल, असं धरून चालता येत नाही.

काही रजिस्टरांपुढे सगळे फ्लॅग हात टेकतात. एसटीएम३२च्या एक्स्टर्नल इंटरप्टच्या पेंडिंग रजिस्टरमध्ये ज्या बिटावर एक लिहाल तो बिट पुसला जातो. तिथे बिटफील्डने एक बिट पुसायला गेलात, तर आधी सगळं रजिस्टर वाचलं जातं, त्यात वाट पाहत असलेल्या इतर इंटरप्टांचे एकही येतात, आणि ते परत लिहिताच सगळेच पुसले जातात. हा दोष रुंदीचा नाही, वाचून परत लिहिण्याचाच आहे. अशा रजिस्टरला बिटफील्ड लावूच नये, या मताचा मी आहे आणि या पुस्तिकेत ते ठासून मांडलं आहे.

आता थ्रेडची बाजू. २०१२च्या फेब्रुवारीत लिनक्स कर्नलच्या कामातल्या यान कारा यांनी एक विचित्र बिघाड लोकांपुढे ठेवला. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमच्या एका स्ट्रक्टमध्ये चार बाइटांचं स्पिनलॉक होतं आणि त्याला लागूनच ‘फुल’ नावाचं एका बिटाचं फील्ड. दोन्ही मिळून नेमके आठ बाइट. इटॅनियम प्रोसेसरसाठी जीसीसी ते एक बिट बदलायला आठही बाइट वाचत होता, बिट बदलत होता आणि आठही परत लिहीत होता. त्या आठांत लॉक होतं. एका प्रोसेसरने लॉक रीतसर हातात घेऊन ‘फुल’ बदललं, तरी त्याच क्षणी दुसरा प्रोसेसर लॉकसाठी रांगेत येऊन लॉकच्या शब्दात आपली नोंद करत असे. ती नोंद या लेखनाने पुसली जाई. पुढे मशीन अडकून पडे. लॉक घेण्याचे सगळे नियम पाळणारा कोड लॉकच बिघडवत होता.

कंपायलरवाल्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. जुन्या सीच्या मानकात थ्रेड हा विषयच नव्हता. एकाच थ्रेडमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला असल्या लेखनाने काहीच फरक पडत नाही. काही मशीनवर तर पर्यायच नव्हता. डेकच्या सुरुवातीच्या अल्फा प्रोसेसरांत बाइट वाचण्या-लिहिण्याच्या सूचनाच नव्हत्या, त्या १९९६च्या सुमारास आल्या. तिथे साध्या कॅरसाठीही अख्खा शब्द उचलावा लागे. बदल झाला तो सी११ने. या मानकाने ‘मेमरी लोकेशन’ची व्याख्या केली: एकतर एक साधा घटक, किंवा सलग लागून असलेल्या बिटफील्डची संपूर्ण ओळ. दोन वेगळ्या लोकेशनवर दोन थ्रेडनी लिहिलं तर एकाचं लेखन दुसऱ्याला बाधता कामा नये. या व्याख्येने लॉक आणि ‘फुल’ वेगळी लोकेशन ठरतात आणि जीसीसीचं ते आठ बाइटांचं लेखन नियमबाह्य ठरतं. पुढे जीसीसीने प्रत्येक बिटफील्ड-ओळीची हद्द आखून घेतली आणि लेखन तिच्या आत ठेवलं.

या व्याख्येची दुसरी बाजू अनेकांच्या ध्यानात येत नाही. सलग बिटफील्ड मिळून एकच लोकेशन असतं. म्हणजे एकमेकांलगतची दोन फील्ड दोन थ्रेडनी लॉकशिवाय बदलली, तर गोंधळाचा दोष प्रोग्रामरकडे येतो, कंपायलरकडे नाही. मध्ये शून्य रुंदीचं बिननावी फील्ड टाकलं की ओळ तुटते आणि दोन लोकेशन होतात. मेकफाइलचा संबंध इथेही आहे. ‘एफअलाउ-स्टोअर-डेटा-रेसेस’ हा फ्लॅग मूळ प्रोग्रामात नसलेल्या लेखनांच्या शर्यती आणायला जीसीसीला मुभा देतो, आणि ‘ओफास्ट’ लावलं की तो आपोआप चालू होतो. वेग वाढेल म्हणून ओफास्ट लावणाऱ्यांचं लक्ष सहसा दशांश गणिताच्या सवलतींवर असतं. या सवलतीची त्यांना खबर नसते.

ऑप्टिमायझेशनच्या पातळीने व्यवहारांची संख्या बदलते. साध्या, व्होलाटाइल नसलेल्या स्ट्रक्टमध्ये लागोपाठ चार फील्ड भरली, तर ‘ओ-शून्य’वर चार वेळा वाचणं, बदलणं, लिहिणं होतं. ‘ओ-दोन’वर ते एकावर येतं, जीसीसी ७मध्ये लेखनं एकत्र करणारा टप्पा आला आणि ८मध्ये तो बिटफील्डपर्यंत पोचला. दोन फील्ड तपासणारी अटही एका मास्कची होते. व्होलाटाइल लिहिलं की हे सगळं बंद पडतं. चार ओळी म्हणजे चार वाचनं आणि चार लेखनं, पातळी कुठलीही असो. याची किंमत वेळेपुरती नसते. यूएआरटीचं रजिस्टर भरताना आधी ‘चालू’, मग ‘मोड’, मग ‘गती’ असं लिहिलं, तर हार्डवेअरला अर्धवट मांडणीच्या दोन स्थिती खरोखरच दिसतात. उपाय साधा आहे: स्थानिक, व्होलाटाइल नसलेल्या प्रतीत सगळी फील्ड भरावीत आणि अख्खा शब्द एकदाच लिहावा. तेव्हा कंपायलरची हुशारी हवी तिथे मिळते आणि बसवर एकच व्यवहार होतो.

प्रोसेसरचं मॉडेल सांगणारा फ्लॅग लोक वेगासाठी लावतात, पण बिटफील्डच्या कोडचं रूपही तोच पालटतो. कॉर्टेक्स-एम३ म्हटलं की कंपायलरला फील्ड काढण्याची यूबीएफएक्स आणि फील्ड बसवण्याची बीएफआय अशा सूचना मिळतात. कॉर्टेक्स-एम० म्हटलं की त्या नाहीत. मग डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, मास्क आणा, असं करावं लागतं. बीएफआय दिसली की लोक निश्चिंत होतात, की चला, बिट बसवणं एका सूचनेत झालं. ते प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये झालेलं असतं. मेमरीतून वाचणं आणि परत लिहिणं या दोन वेगळ्या सूचना राहतातच, आणि इंटरप्ट त्यांच्या मधोमध येऊ शकतो. एक्स८६वर एका सूचनेत मेमरीतल्या बाइटावर थेट ऑर करता येतो. त्याच गाभ्यावरचा इंटरप्ट त्याच्या मध्ये शिरू शकत नाही, पण दुसऱ्या गाभ्यापासून तोही सुरक्षित नाही.

एआरएमच्या जुन्या कंपायलरमध्ये एक गमतीदार सोय होती. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४मध्ये मेमरीच्या ठरावीक एक मेगाबाइटातल्या प्रत्येक बिटाला बत्तीस मेगाबाइटांच्या दुसऱ्या प्रदेशात स्वतःचा शब्दभर पत्ता मिळू शकतो; त्या पत्त्यावर लिहिलं की वाचून-बदलून-लिहिण्याचं काम हार्डवेअरच एका अभंग व्यवहारात उरकतं. ‘बिटबँड’ हा फ्लॅग दिला की कंपायलर एका बिटाच्या फील्डचे व्यवहार तिकडे वळवायचा. त्याच कंपनीच्या नव्या, क्लँगवर बेतलेल्या कंपायलरमध्ये ही सोय नाही. जुन्या प्रकल्पाचं स्थलांतर करताना स्रोत बिनतक्रार कंपाइल होतो आणि इंटरप्टपासूनचं संरक्षण तेवढं गळून पडतं.

मांडणी बदलणाऱ्या फ्लॅगांसाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, इथे ओझरता उल्लेख पुरे. चार बिटांचं कॅर आणि त्यापुढे चार बिटांचं इंट असलेलं स्ट्रक्ट लिनक्सवर जीसीसी चार बाइटांत बसवतो. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने त्याला आठ लागतात, आणि ‘एमएमएस-बिटफील्ड्स’ लावून जीसीसीलाही तसं करायला लावता येतं. एका बिटाच्या साध्या इंटमध्ये जीसीसीच्या मुळच्या रीतीप्रमाणे शून्य आणि उणे एक एवढंच मावतं. ‘बरोबर एक’ ही तुलना कधीच खरी होत नाही म्हणून ओ-दोनवर तो अख्खा फाटाच कोडमधून काढून टाकला जातो. ‘एफअनसाइन्ड-बिटफील्ड्स’ लावा, फाटा परत येतो. मिसरा सी २०१२ या सी लिहिण्याच्या नियमावलीच्या नियम ६.२ने एका बिटाच्या चिन्हांकित फील्डला मनाई केली आहे, ती यासाठी. नेटवर्कच्या पॅकेटला बिटफील्ड लावण्याचं काय होतं, ते लिनक्सच्या आयपी हेडरमध्ये पाहावं: आवृत्ती आणि हेडरची लांबी ही चार-चार बिटांची दोन फील्ड तिथे दोन क्रमांनी दोनदा लिहिली आहेत आणि मशीनच्या धाटणीप्रमाणे एक क्रम निवडला जातो.

मग बिटफील्ड वापरावीत की नाही? रॅममधले स्वतःचे फ्लॅग दाटीने ठेवायला खुशाल वापरावीत. तारेवरून जाणाऱ्या किंवा फाइलीत साठवायच्या डेटाला वापरू नयेत. हार्डवेअर रजिस्टरांचं उत्तर मात्र ज्याचं त्याने ठरवायचं आहे. रेनेसास, मायक्रोचिप, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स यांच्या हेडर फाइली बिटफील्डनी भरलेल्या असतात, आणि त्या त्या कंपनीच्या कंपायलरशी जुळवूनच त्या लिहिलेल्या असतात. लिनक्स कर्नलचे ड्रायव्हर मात्र बहुतांशी मास्क आणि ‘फील्ड-गेट’, ‘फील्ड-प्रेप’ हे मॅक्रो वापरतात, कारण तोच ड्रायव्हर डझनभर प्रोसेसरांवर चालायचा असतो. तुमचा कंपायलर आणि त्याचे फ्लॅग तुमच्या ताब्यात असतील तर पहिला मार्ग चालतो. कोड दुसऱ्याच्या बिल्डमध्ये जाणार असेल तर दुसरा. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे, कारण तिथे एकच मॉड्यूल वेगवेगळ्या चिपवर आणि वेगवेगळ्या कंपायलरांनी बांधलं जातं.

वाचकाला कंपायलरचं शास्त्र येत असावं अशी अपेक्षा नाही. ज्यांना आत शिरायचं आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अंतरंगावर झालेलं काम उत्तम वाट दाखवतं. इथे गरज आहे ती डिसअसेंब्ली वाचण्याच्या तयारीची, आणि तीही फार नाही: एलडीआर म्हणजे शब्द, एलडीआरएच म्हणजे अर्धा, एलडीआरबी म्हणजे बाइट, एवढं ओळखता आलं की निम्मी प्रकरणं उलगडतात.

शेवटचं प्रकरण लिंकिंगवर आहे, आणि ते आधी वाचलं तरी चालेल. एका प्रोग्रामच्या दोन फाइली वेगळ्या फ्लॅगांनी बांधल्या गेल्या, तर सावध करायला कोणी नसतं. एआरएमच्या ऑब्जेक्ट फाइलीत एनमच्या आकाराची नोंद असते आणि तफावत दिसली की लिंकर कुरकुरतो. बिटफील्डच्या मांडणीबद्दल तो चकार शब्द काढत नाही. स्टॅटिक अॅसर्टने स्ट्रक्टचा आकार पडताळता येतो, पण ऑफसेटऑफ बिटफील्डला लावता येत नाही, त्यामुळे कुठला बिट कुठे बसला हे कंपाइल करतानाच तपासायची सोय नाही. म्हणून त्या प्रकरणात दोन तपासण्या दिल्या आहेत. पहिली बोर्ड सुरू होताना चालते: एका फील्डमध्ये एक लिहून युनियनमधून कच्चा शब्द वाचायचा. दुसरी प्रत्येक बिल्डनंतर: रजिस्टरांना हात लावणारी फंक्शनं ऑब्जडंपमधून काढायची आणि त्यांत बाइटभर लेखन आढळलं तर बिल्ड तिथेच थांबवायचा.